धान्यकोठी आणि मदतीचा अर्ज

इंदूर

प्रिय सिसिलिया,
सप्रेम नमस्कार.

परदेशी मदतीसाठीच्या तुझ्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. तरुण, कुटुंबं, आदिवासी समाज, सगळं मनापासून मांडलं आहेस. पण सुरुवात देणाऱ्याच्या आर्थिक वर्षापासून केलीस, ती गावाच्या वर्षापासून कर. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-आलिराजपूरकडे भादव्या-आश्विनात मका घरात येतो. दिवाळी झाली की कर्ती माणसं गुजरातेत मजुरीला जातात, होळीआधीच्या भगोरिया हाटाला (आदिवासींच्या जत्रेसारख्या बाजाराला) नि होळीला परततात, पुन्हा जातात, ती थेट पेरणीला येतात. आषाढ-श्रावणात कोठी रिकामी. तू कुटुंब-शिबिर जानेवारीत ठेवलं आहेस. तेव्हा गावात म्हातारीकोतारी आणि शेळ्या एवढंच भेटेल. ते पेरणी आणि निंदणीच्या मधल्या दिवसांत घे.

आडव्हेनियाट या जर्मन कॅथलिक संस्थेचं नाव काढून टाक, तिची मदत लॅटिन अमेरिकेपुरतीच असते. १९५८ साली सुरू झालेली मिझेरिओर ही तिथलीच दुसरी संस्था आपल्या कामाची आहे. तिच्या निधीत जर्मनीतल्या चर्चमधली उपवासकाळाची वर्गणी असते, सरकारी वाटाही असतो. पण ती देते विकासकामाला. धर्मशिक्षणाचा खर्च त्या अर्जात घालू नकोस, त्यासाठी मिसिओ या धर्मकार्याला मदत देणाऱ्या संस्थेचं दार वेगळं आहे. धान्याची वही आणि प्रार्थनेची वेळ तर कधीच एकत्र नको. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात प्रलोभनाची व्याख्या बरीच रुंद आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: भुकेल्या घराला धान्य देताना त्याच्या देवाची चौकशी करू नये.

हिशेबाचं थोडक्यात. परदेशातून येणारी रक्कम आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खात्यातच उतरते. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मसुद्यातली ‘सहयोगी संस्थेला रक्कम’ ही ओळ जाऊ दे. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत.

आता कोठी, म्हणजे गावाची सामाईक धान्यकोठी. मला तुझ्या अर्जात सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच, आणि तिलाच तू चार ओळी दिल्या आहेस! सावकार आषाढात मका देतो तो सवाई-दिडीवर, म्हणजे सव्वापट-दीडपट परतीच्या बोलीवर, आणि तिथूनच जमीन गहाण पडायला लागते. सिस्टर राणी मारिया उदयनगरला याच कर्जाच्या विळख्याविरुद्ध उभ्या राहिल्या. १९९५ साली त्यांचा खून झाला. २०१७ साली इंदुरातच चर्चने त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

४० घरांची कोठी धर. मका निघाल्यावर घरटी २० किलो, म्हणजे ८०० किलो; तेवढीच भर कार्यक्रमातून घाल. सगळं कार्यक्रमानेच भरलं तर ती सरकारी रेशनसारखी होते, परत कुणी करत नाही. घेतलेल्या २० किलोंमागे २२ परत ठेव. वरचे दोन किलो घट आणि किडीत जातात, हे वहीत पहिल्याच पानावर लिही. दाणा दाताखाली कटकन फुटला तरच पोत्यात भर. दबला तर पुन्हा उन्हात. एक ओलं पोतं आत गेलं की ते तापतं, बुरशी धरते आणि शेजारची पोतीही नासवतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

कोठी मोडते ती मात्र किडीने नव्हे, मापाने. देताना सपाट माप आणि घेताना शीग लावून, असं एकदा झालं की विश्वास गेला. म्हणून एकच काटा ठेव, तोलताना घेणाऱ्याला आकडा दिसलाच पाहिजे. दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगवेगळ्या पाड्यांतल्या बायकांकडे. ज्या घरांनी दिवाळीत परत केलं नाही त्यांच्याकडे होळीला परतल्यावर जायचं, बैठकीत नाव पुकारून नव्हे.

मजुरीला जाणाऱ्यांची मुलं शाळेतून गळतात, तेव्हा दिवाळी ते होळी हंगामी वसतिगृहाचा खर्च अर्जातल्या तरुणांच्या सदरात घाल. शिवणयंत्रं कमी केलीस तरी चालेल.

वनहक्काच्या दाव्यांसाठी एक वाचता-लिहिता मुलगा गावातूनच तयार कर. जंगलजमिनीवरचा कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा, पुरावे किमान दोन. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालतं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो, पण अर्जातच बायकोचं नाव राहून जातं. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस मिळतात. कागद मजूर गुजरातेत असताना घरी आला तर ते दिवस असेच निघून जातात; त्यामुळे त्या मुलाकडे प्रत्येक दाव्याची पोच आणि मजुराचा फोन नंबर असू दे.

कोठीचं पान नव्याने लिहून पाठव, आकडे मी तपासून देते.

तुझी,
मेधा