वायफाय आणि तो छोटा लॅपटॉप

ती. आई-बाबा,
सा. न.

लॅपटॉपचं वायफाय मधेमधे बंद पडतं, त्यावर काय करायचं ते फोनवर सांगायला गेले की बाबांचं बोट माझ्या पुढे धावतं आणि आई विचारते, "आता कुठे आलो आपण?" म्हणून लिहूनच पाठवते. सावकाश वाचा, मग लॅपटॉप उघडा.

आधी राउटरला मोकळं सोडा. आई, त्याच वायफायवर तुझ्या फोनचा व्हिडिओ सुरळीत चालतो, म्हणजे राउटर धडधाकट आहे. बाबा, तुम्ही काढलेल्या फोटोत वायफाय कार्डाच्या, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या वायफाय पकडणाऱ्या भागाच्या, नावावर पिवळा त्रिकोण आहे आणि आत 'कोड १०' लिहिलंय. याचा अर्थ, कार्ड लॅपटॉपला दिसतंय, पण सुरू होत नाहीये. विंडोज आणि कार्ड यांच्यात बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तोच मधेमधे कोसळतो, आणि तुम्ही सांगता त्यावरून झाकण मिटून पुन्हा उघडल्यावरच. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि बॅटरी वाचवायला कार्डाची वीज कमी करतो. जागा झाल्यावर ड्रायव्हर हाक मारतो, पण कार्ड ओ देत नाही. असा माझा अंदाज आहे.

बाबा, "बंद करून चालू केला तरी तेच" असं तुम्ही म्हणालात, ते अगदी बरोबर. 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही. आपला गाभा, ड्रायव्हरसकट, डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर कधीकधी अडकलेलाच परत येतो. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. हे उलटंच वाटतं, पण तसंच आहे. तेव्हा आधी रीस्टार्ट.

वायफाय आलं तरी तिथे थांबू नका. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायरलेस किंवा वायफाय असं लिहिलेल्या ओळीवर दोनदा क्लिक करा. 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये पहिलीच खूण आहे, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी. ती काढा आणि ओके करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, तेवढं चालवून घ्या. काही लॅपटॉपवर हा टॅब नसतोच. नसला तर शोधत बसू नका.

तरीही त्रास झाला तर त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. विंडोज अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर आला असेल तर आधीचा परत येतो. बटण फिकट दिसत असेल तर आधीचा साठवलेलाच नाही. 'अनइन्स्टॉल'ला इतक्यात हात लावू नका. त्यात ड्रायव्हरच्या फाइलीही काढून टाकण्याची एक चौकट असते, आणि वायफायच नसताना त्या पुन्हा आणायच्या कुठून?

मला लॅपटॉप पाहायचा झाला तर आईचा फोन चार्जिंगच्या केबलने त्याला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबलमधून इंटरनेट मिळेल. मग मी इथून पडदा पाहून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घालते. मॉडेलचं नाव खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतं, त्याचा फोटो आधीच पाठवून ठेवा. "ड्रायव्हर अपडेट करा" असं ओरडणाऱ्या जाहिरातींवर क्लिक नको. आणि "तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय" असा कुणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या. मी पडदा मागेन तेव्हा आधी माझ्याच नंबरवरून बोललेली असेन.

एवढं करूनही कार्ड सारखं गायबच व्हायला लागलं, तर ते थकलंय असं समजू. बाबा, तुम्ही स्क्रू ड्रायव्हर काढू नका. आतल्या अँटेनाच्या तारा केसासारख्या बारीक असतात. यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय अडॅप्टर मी पाठवेन.

रोल बॅक केलंत तर पुन्हा रीस्टार्ट करा, मग झाकण मिटून जरा वेळाने उघडून बघा. त्रिकोण दिसला तर काही न दाबता फोटो पाठवा, रात्र झाली असली तरी.

तुमची,
लेक