बंब गेले, नाटक आलं: न्यूयॉर्कच्या सांस्कृतिक आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, सांस्कृतिक कार्य विभाग, न्यूयॉर्क शहर
यांस स. न. वि. वि.

मी क्वीन्समध्ये राहते आणि हौशी मराठी नाटकांत काम करते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करते आहे माझ्यासारख्या इथल्या नाटकवाल्यांसाठी, कारण मागणी त्यांचीही आहे. पण आधी आपल्याच शहरातल्या एका पोर्तो रिकन, म्हणजे पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या स्पॅनिशभाषक कॅरिबियन बेटावरून आलेल्यांच्या, नाटक कंपनीबद्दल बोलायचं आहे.

टाइम्स स्क्वेअरपासून चालत पाच-सात मिनिटांवर, वेस्ट 47व्या स्ट्रीटवर एक अरुंद, जुनी इमारत आहे. तिथे पूर्वी आगीचे बंब उभे असत. अग्निशमन दल 1970च्या दशकात तिथून हललं आणि ती वास्तू पोर्टो रिकन ट्रॅव्हलिंग थिएटरच्या हाती आली. पुढे दुरुस्त्या होऊन तिथे दोनशेच्या आतबाहेर खुर्च्यांचं नाट्यगृह उभं राहिलं. ब्रॉडवेच्या ऐन वस्तीत, जिथे हातभर जागेलाही सोन्याचा भाव, तिथे स्पॅनिश नाटकाला स्वतःचं दार मिळालं.

ही कंपनी काढली मिरियम कोलोन यांनी, 1967 साली. पोर्तो रिकोतल्या पोन्से शहरात जन्मलेली ही नटी न्यूयॉर्कच्या ॲक्टर्स स्टुडिओ या नामांकित अभिनयसंस्थेत शिकली, हॉलिवुडमध्ये मार्लन ब्रँडोबरोबर पडद्यावर आली. तिथेच राहून नाव-पैसा कमावता आला असता. पण आदल्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ग्रीनिच म्यूज थिएटरमध्ये पोर्तो रिकन नाटककार रेने मार्केस यांच्या ‘ला कारेता’ (बैलगाडी) या नाटकाची इंग्रजी आवृत्ती लागली होती आणि त्यात त्या काम करत होत्या. पोर्तो रिकोच्या डोंगरातलं एक शेतकरी कुटुंब आधी राजधानी सान हुआनच्या झोपडपट्टीत येतं, तिथून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. बऱ्या दिवसांच्या आशेने सगळ्यांना इथवर आणणारा लुइस कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि मायलेकी माघारी निघतात. लुइसचं काम पुढे सिनेमात गाजलेल्या तरुण राउल हुलियाने केलं होतं. कोकणातून लालबागच्या चाळीत आलेल्या घरातली मी; नाटकातल्या त्या कुटुंबाची प्रत्येक कुरबुर मला ओळखीची वाटते.

ज्यांची ही गोष्ट, ते तिकीट काढून तिथवर येणार नाहीत, हे कोलोन यांना ठाऊक होतं. म्हणून 1967च्या उन्हाळ्यात त्यांनी हेच नाटक रस्त्यांवर आणि बागांमध्ये नेलं, फुकट. त्याच जुलैत ईस्ट हार्लेम या शहरातल्या पोर्तो रिकन वस्तीत पोलिसाच्या गोळीने एक पोर्तो रिकन माणूस मारला गेला होता आणि दंगल उसळली होती. जॉन लिंडसे तेव्हा महापौर होते. अशा तापलेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या लोकांना त्यांचंच जगणं रंगमंचावर दिसलं, आणि तेही घराच्या दारात.

मला या कंपनीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते तिच्या द्विभाषिक प्रयोगांचं. एकच नाटक कधी स्पॅनिशमध्ये, कधी इंग्रजीत. प्रेक्षकाला हे सोयीचं. नटाची मात्र खरी कसोटी. दोन संहिता तोंडपाठ हव्यात, आणि तेवढ्याने भागत नाही. एका भाषेत हशा वाक्याच्या शेवटी येतो, दुसरीत मध्येच. थांबायची जागा बदलली की समोरच्या नटाची हालचाल बदलते, मग प्रकाशयोजनेचा इशाराही. नात इंग्रजी प्रयोगाला आली, आजी स्पॅनिश प्रयोगाला, आणि घरी जेवताना दोघी एकाच नाटकावर बोलू शकल्या, असं घडायचं तर ही मेहनत कोणीतरी घ्यावी लागते. आमची इथे जन्मलेली मुलं मराठी नाटकाला येतात, पण दुसऱ्या अंकापर्यंत त्यांचं लक्ष टिकत नाही, तेव्हा मला हीच कंपनी आठवते. तिथे होतकरू मुलांना मोफत नाट्यशिक्षण मिळे, नव्या लेखकांच्या संहितांवर कामही होई. हे सगळं सुचायला आणि टिकायला छप्पर लागतं.

ब्राँक्सच्या प्रेगोनेस थिएटरचीही हीच कथा. रोसाल्बा रोलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 1979 साली सुरू केलं. काही वर्षं चर्चच्या जागेत काढली आणि 2005 साली वॉल्टन ॲव्हेन्यूवर स्वतःचं नाट्यगृह झालं. गेल्या दशकात या दोन्ही संस्था एक झाल्या. कोलोन यांना राष्ट्रीय कला पदक मिळालं. 2017 साली त्या गेल्या. संस्थापक गेल्यावर आमच्याकडच्या कितीतरी मंडळ्या बसल्या. ही बसली नाही, यात पक्क्या पत्त्याचा वाटा फार मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

आता आमचं सांगते. आमच्या तालमी कुणाच्या तरी तळघरात होतात. गालिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावून रंगमंचाची हद्द आखायची, छत ठेंगणं म्हणून उंच नटाने हात वर करायचा नाही. सभागृह मिळतं ते प्रयोगाच्या दिवसापुरतं. नेपथ्य लावेपर्यंत निम्मी वेळ सरते. बंगाली, नेपाळी, चिनी बोलणाऱ्या इथल्या मंडळींचे हाल याहून वेगळे नसावेत.

आमची मागणी अशी: शहराची एखादी वास्तू, मग ते अग्निशमन केंद्र असो, शाळा असो की कचेरी, रिकामी झाली की ती विकण्याआधी आपल्या विभागाला विचारणा व्हावी. इंग्रजीखेरीज इतर भाषांत नाटक करणाऱ्या तीन-चार मंडळींना मिळून ती नाममात्र भाड्याने द्यावी. वर्षा-दोन वर्षांच्या कराराने काही होत नाही, मुदत किमान वीस वर्षांची हवी. आणि दुरुस्तीला शहराने हातभार लावावा, कारण गळकं छप्पर सांभाळणं हौशी मंडळींच्या आवाक्याबाहेरचं आहे.

यावर आपल्या विभागाने जाहीर सुनावणी ठेवावी, आणि ती संध्याकाळी ठेवावी. आम्ही सगळे दिवसा नोकऱ्या करतो.

आपली नम्र,
क्वीन्समधील एक मराठी रंगकर्मी