भांड्यावरचं नाव

हॅलिफॅक्स,
९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

बाबांचा गुडघा सुधारतोय हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे दारात गुडघाभर बर्फ आहे, पण मी मजेत आहे. परवा फोनवर तू विचारलंस, "कुठल्या बाईच्या मडक्यांमागे लागली आहेस गं?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

तिचं नाव ॲलिस हेगन. १८७२ साली इथेच जन्मली, १९७२ साली गेली. न्यूयॉर्कला ॲडलेड अल्सॉप रॉबिनो यांच्याकडे ती चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम शिकली. तेव्हा बायका तयार कोरी भांडी आणून रंगवायच्या आणि रंग पक्का व्हावा म्हणून पुन्हा भट्टीत भाजायच्या. लोक त्याला फावल्या वेळचा उद्योग समजायचे. पण १८९७ साली, जॉन कॅबट हा दर्यावर्दी इंग्लंडहून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला आला त्या सफरीला ४०० वर्षं झाली त्या निमित्ताने, कॅनडातल्या १६ जणींनी मिळून मेजवानीचा अख्खा संच रंगवला. इथली फुलं, पक्षी, मासे, जुने किल्ले, सगळं त्या भांड्यांवर उतरलं. संसदेच्या सभासदांनी तो विकत घेऊन गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲबर्डीन यांना भेट दिला. त्या सोळाजणींत पंचविशीतली ॲलिस होती.

मी मात्र त्या नावांमध्ये 'हेगन' शोधत बसले आणि दोन दिवस काहीच हाती लागलं नाही. तेव्हा ती ॲलिस ईगन होती ना! हेगन झाली ती लग्नानंतर.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं जमैकात गेली, तिथेही ती रंगवतच होती. खरी गोष्ट सुरू होते साठीच्या जवळ. चार्ल्स प्रेस्कॉट नावाच्या कुंभाराकडून ती चाक शिकली आणि महोन बे या समुद्रकाठच्या गावी स्वतःची भट्टी मांडली. आयुष्यभर दुसऱ्यांनी घडवलेल्या पांढऱ्या भांड्यांवर रंग भरले, आणि आता हात थेट नोव्हा स्कोशियाच्या, म्हणजे इथल्या आमच्या प्रांताच्या, मातीत! इथल्या मातीत लोह असतं, भाजली की विटेसारखी लाल होते. गेल्या महिन्यात मी त्या गावी जाऊन आले. पाण्याच्या कडेला ओळीने तीन चर्चेस आहेत, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी येतं.

तिच्या एका प्रकाराला 'स्कोशियन अगेट' म्हणतात. वेगवेगळ्या रंगांच्या माती एकत्र करून चाकावर धरायच्या, की अकीक दगडासारख्या रेषा अंगभर फिरतात. वाचायला सोपं, करायला कठीण. माती जास्त मळली तर रंग एक होऊन जातात. सगळ्या माती सारख्या आकसल्या नाहीत तर भांडं सुकताना नाहीतर भट्टीत तडकतं. आणि चाकावरून उतरल्यावर वर नुसता चिखलाचा लेप दिसतो. भांडं अर्धवट वाळलं की वरचा थर तासायचा, तेव्हा कुठे आतली नक्षी उघडी पडते. मी इथल्या वर्गात तीनदा करून पाहिलं, तिन्ही तडकली. तेव्हापासून तिची भांडी बघताना माझा हात आपोआप हळू होतो. हे सगळं तिने स्वतःपाशी ठेवलं नाही, कितीतरी जणांना शिकवलं. माउंट सेंट व्हिन्सेंट विद्यापीठात तिच्या कामाचा मोठा संग्रह आहे. तरी बसमध्ये शेजारी बसलेल्याला नाव सांगितलं तर ओळखीचं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा एक छोटी फुलदाणी हातात घेऊन उलटी केली. तळाशी ओल्या मातीत कोरलेलं तिचं नाव. आणि मला एकदम आपला माळा आठवला. आजीच्या रुखवतातली पितळी भांडी, ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं. लहानपणी चिंच लावून घासताना मी विचारायचे, "ही द्वारका कोण?" आणि तू म्हणायचीस, "अगं, आजीच. लक्ष्मी ती इथे आल्यावर झाली."

आई, ती भांडी मोडीत घालू नका. घंगाळ, दोन्ही तांबे आणि ते कडीचं पातेलं खाली काढून घे. बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस, दादालाच सांग. प्रत्येकावर जे नाव, जी तारीख असेल ती जशीच्या तशी, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट, मला लिहून पाठव. पातेल्याचं नाव काठाला नाही, बुडाजवळ आहे. आधी काजळी घासावी लागेल.

तुझी,
मनू