टेकडीवरच्या रोपांना पाणी हवंय, आणि चार माणसंही! (उन्हाळी वर्गणीचं आवाहन)

सप्रेम नमस्कार मंडळी,

होळी झाली, रंगपंचमी झाली, पाडवा तोंडावर आलाय आणि वेताळ टेकडीवर आपल्या रोपांच्या आळ्यांमधली माती आत्ताच भेगाळायला लागलीये, म्हणून ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये घाईघाईत हे टाइप करतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या, मजकूर मात्र पूर्ण वाचा, नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका.

आपला ग्रुप काय करतो हे जुन्यांना सांगायला नको, पण गल्लीत नवीन भाडेकरू बरेच आलेत म्हणून थोडक्यात सांगतो. टेकडीच्या कोथरूडच्या अंगाला जो उघडाबोडका उतार होता तिथे आपण बहावा, पळस, सालई, आपटा, मेडशिंगी असली इथलीच झाडं लावून जगवतोय. सध्या सगळे गिरीपुष्पाच्या गुलाबी फुलांचे फोटो टाकतायत, दिसतंही छानच, पण ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड, त्याला आपली गरज नाही. आपल्या देशी रोपांना मात्र पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, एकदा मुळं खाली गेली की मग ती आपली आपली बघून घेतात. सगळ्यात आधी लावलेल्या पळसाला यंदा पहिल्यांदा फुलं आली, त्यावर शिंजीर पक्षी येऊन बसतात, ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एकदा सकाळी वर येऊन बघाच!

आता हे कुणाच्या जिवावर झालं ते लिहिल्याशिवाय पैसे मागणं मला जमत नाही. सी बिल्डिंगमधल्या आजी, नाव लिहू नकोस म्हणाल्यात म्हणून लिहीत नाही, दरवर्षी पाडव्याला स्वतःच्या पेन्शनमधून पाकीट देतात, त्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि निळ्या शाईत ‘झाडांचे पाणी’ असं लिहिलेलं, आत वरचा एक रुपया न चुकता. त्यांना दोन जिने उतरवत नाहीत तरी पाकीट द्यायला त्या खाली येतात, आपण वर जाऊ म्हटलं तर रागावतात. इस्त्रीवाले दादा स्कूटरच्या पायाशी दोन-दोन कॅन ठेवून टेकडीच्या गेटपर्यंत पोचवतात, एक पैसा घेत नाहीत. हार्डवेअरवाल्या शेठनी पाईप खरेदीच्या भावात दिला आणि जॉइंट, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप असंच पिशवीत टाकलं. ए विंगने गच्चीवरची जुनी टाकी दिली, आणि ती वर चढवताना जिमच्या पोरांनी जी ताकद लावली त्याला तोड नाही. आणि आपले रिटायर्ड इंजिनियर काका, ज्यांनी खालच्या नळापासून पहिल्या सपाटीपर्यंतची लाईन टाकली, व्हॉल्व्ह कुठे बसवायचा यावर माझ्याशी दोन आठवडे वाद घातला (काकाच बरोबर निघाले), आता गुडघ्यांमुळे वर येत नाहीत पण खालून फोनवर सूचना चालूच असतात. शाळेतल्या मुलांनी रंगवलेल्या ‘काडी टाकू नका’च्या पाट्याही अजून टिकून आहेत, एक सोडून, ती कुणीतरी पेटवली.

हो, पेटवली. मागच्या उन्हाळ्यात जो वणवा लागला त्याबद्दल कुणीतरी ग्रुपवर ‘अरेरे’ लिहिलं, खाली बारा हात जोडलेले आले आणि विषय संपला. वर मात्र नेहमीचीच मोजकी माणसं हिरव्या फांद्या घेऊन गवत झोडपत होती. गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं येतं असं अजूनही काही जणांना वाटतं, पण त्यात रोपं जातात, बी जळतं, आणि टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात त्यांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षीची मेडशिंगीची अख्खी रांग गेली. त्यातली तीन बुडातून पुन्हा फुटलीयेत, ती कुठली ते वर आलात की दाखवतो.

थोडं मनातलं बोलतो, राग मानू नका. जुलैत झाड लावायला फोटोत मावत नाहीत एवढी माणसं असतात, टी-शर्ट असतात, वडापाव असतात. मार्चमध्ये पाणी घालायला बोटावर मोजण्याइतके. २० मार्चला चिमणी दिन, २१ ला वन दिन, २२ ला पाणी दिन, तीन दिवस फॉरवर्डचा नुसता पूर येतो आणि चौथ्या दिवशी कॅन उचलायला मी आणि इस्त्रीवाले दादा. गेल्या वर्षी वर्गणीचं विचारलं तर एकाने ‘हे महापालिकेचं काम आहे ना?’ असं विचारलं. असेल बाबा, पण तोपर्यंत रोपाने काय करायचं?

यंदा पाण्याचा टँकर, जुना उन्हाने तडकलेला पाईप बदलणं, रोपाशेजारी पुरायला मडकी (पाणी हळूहळू झिरपतं, आठवड्याला एकदा भरलं तरी भागतं) आणि रोपांच्या पट्ट्याभोवती गवत काढून जाळरेषा (वणवा आत येऊ नये म्हणून मोकळा पट्टा) करायची मजुरी, एवढा खर्च आहे. जाळरेषा आधी, बाकी सगळं नंतर, कारण एक ठिणगी पडली की पाणी घालून काही उपयोग नाही.

पैसे देणं जमत नसेल तर काही हरकत नाही, पण निदान घरच्या घरी जमतं ते तरी करा. सगळ्यात मोठी गोष्ट पाचोळा. सध्या रस्तोरस्ती पानगळीचे ढीग आहेत आणि सकाळी सहाला कुणीतरी काडी लावतंच. उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातलीये, साध्या जाळण्याला ५ हजार दंड आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५ हजार. तुमच्या सोसायटीचा पाचोळा पोत्यात भरून आमच्याकडे द्या, आम्ही रोपांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालतो, वर दगड ठेवून, नाहीतर वारा घेऊन जातो. किंवा जाळीचा पिंजरा करून त्यात साठवा, अधूनमधून शेणपाणी शिंपडा, खत होतं, बी विंगच्या मागे आपला पिंजरा आहे तो बघून जा.

पक्ष्यांसाठी पाणी जरूर ठेवा, पण पसरट मातीच्या भांड्यात, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड, म्हणजे मधमाश्यांनाही बसता येतं. रोज नाही जमलं तर दिवसाआड घासून पाणी बदला, नाहीतर आपणच डासांची पैदास करतोय. कबुतरांना दाणे टाकणं मात्र पुण्य नाहीये, ते बंद करा. पाडव्याला कडुनिंब लागतो, मान्य, पण चार पानं लागतात, फांदी नाही! कोपऱ्यावरचा निंब दर पाडव्याला हाताला येईल तिथपर्यंत ओरबाडलेला असतो आणि दुपारी त्याच फांद्या कचऱ्याच्या डब्यात. आणि ज्यांना पार्किंगवर सावली नको म्हणून आत्ताच फांद्या तोडायच्यात त्यांनी थांबा, तांबट, बुलबुल यांची घरट्यांची वेळ आहे, शिवाय परवानगी लागते, १९७५ पासून कायदा आहे. गाडी पाईपने धुणाऱ्यांना मी यावर्षी काही बोलणार नाही, दरवर्षी बोलतो.

आता कामाचं: वर्गणी घरटी ५०० रु., जास्त दिलीत तर आनंदच, कमी दिलीत तरी पावती मिळेल, क्यूआर कोड ए विंगच्या नोटीस बोर्डवर, पैसे पाठवताना फ्लॅट नंबर लिहा नाहीतर खजिनदार ताई मला ओरडतात, रोख हार्डवेअरच्या दुकानात किंवा ताईंकडे संध्याकाळी ७ नंतर, श्रमदान पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून पावसाळ्यापर्यंत दर रविवारी सकाळी ६ ते ८, टेकडीच्या गेटवर, येताना पाच लिटरचा कॅन, बूट, टोपी, स्वतःचं प्यायचं पाणी, लहान मुलं चालतील, ब्लूटूथ स्पीकर चालणार नाही. कुठेही धूर दिसला तर ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी १०१ किंवा वन विभागाच्या १९२६ ला फोन करा, मग आम्हाला. मागच्या वर्षीचा हिशोब बोर्डवर लावलाय, कुणी वाचलेला दिसत नाही.

आपला,
सचिव (सगळ्यांच्या वतीने)

ता.क. ग्रुपचे निळ्या झाकणाचे कॅन गेल्या मे महिन्यापासून काही गॅलऱ्यांमध्ये पाहुणचार घेतायत. गुपचूप वॉचमन काकांच्या केबिनजवळ ठेवून द्या, कुणी विचारणार नाही.