पथ्य कधी संपते, तेही लिहा

संपादक महोदय,

माझ्या वडिलांच्या मोठ्या आतड्यात डायव्हर्टिक्युला, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून बाहेर फुगलेल्या छोट्या पिशव्या, आढळल्या तेव्हा बिया, दाणे आणि मक्याच्या लाह्या कायमच्या वर्ज्य करण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते पथ्य कित्येक वर्षे निष्ठेने पाळले. त्याची गरज नव्हती, हे उशिरा कळल्याची खंत मला आजही आहे.

रक्तवाहिन्या स्नायूंचा थर भेदून जिथे आत शिरतात, तिथे आतड्याची भिंत मुळातच कमकुवत असते आणि आतला दाब वाढला की त्याच जागी अस्तर बाहेर ढकलले जाते. वयाबरोबर या पिशव्यांचे प्रमाण वाढते. मात्र बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. त्यांना सूज आली, तर त्या दुखण्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात.

बी पिशवीत अडकते आणि सूज येते, ही समजूत पटण्याजोगी होती, पण पडताळलेली नव्हती. अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांचा 18 वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दाणे आणि लाह्या जास्त खाणाऱ्यांना धोका अधिक नव्हे, तर कमीच असल्याचे दिसले. तंतुमय आहार, नियमित हालचाल, आटोक्यातले वजन आणि धूम्रपानापासून दूर राहणे यांनी धोका कमी होतो. आहारातला चोथा मात्र हळूहळू आणि पुरेशा पाण्यासोबत वाढवावा, नाहीतर पोट फुगते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानेच वारंवार घेणेही घातक ठरते, कारण त्यांनी रक्तस्राव होण्याची किंवा आतड्याला छिद्र पडण्याची शक्यता वाढते.

पोटात सतत दुखून ताप आला, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. शौचावाटे रक्त पडले आणि दुखत नसले, तरी ते मूळव्याधीचेच आहे असे घरीच ठरवू नये. या पिशव्यांतून होणारा रक्तस्रावही बहुधा वेदनारहित असतो.

सूज असताना काही दिवस पातळ किंवा हलका आहार सुचवला जातो, ते योग्यच आहे. गोंधळ होतो तो पुढे, कारण त्या चार दिवसांचे पथ्य रुग्ण जन्मभराचे समजतो. म्हणून डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की पथ्याच्या कागदावर ते कोणत्या तारखेला थांबवायचे आणि नेहमीचा तंतुमय आहार कधी सुरू करायचा, हेही लिहून द्यावे.

आपला,
एक वाचक