सुपरवायझर सिस्टर, त्या पहाटेबद्दल

सिस्टर,

हे समोर बोलायला गेले असते तर तुम्ही पहिल्याच वाक्याला "चल, राउंड राहिलाय" म्हणत उठला असता. म्हणून लिहितेय, तेही सगळ्यांसमोर.

सलग पाचवी नाइट होती, पहाटेचे चार वाजलेले. सहा नंबर बेडचा, शिरेतून औषध सोडणारा पंप केव्हाचा वाजत होता म्हणे, मला ऐकूच आला नव्हता. अलार्म सतत वाजत राहिले की कान त्यांना दाद देईनासे होतात, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते मी! अँटिबायोटिकची व्हायल डायल्यूट करायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटर उचललं, तोच तुम्ही मागून विचारलंत, "हातात काय आहे?"

लेबल वाचलं. परत वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. तशीच दहा मिलीची प्लास्टिकची अँप्युल. ते तसंच शिरेतून गेलं असतं तर पेशंटचं हृदय बंद पडलं असतं. आणि खरं सांगू? मला घाबरायलाही झालं नाही. त्याची भीती नंतर, घरी गेल्यावर वाटली.

"ठेव खाली. मला ओव्हर दे." एवढंच बोललात. माझे पेशंट सकाळपर्यंत तुम्ही सांभाळलेत. मी चेंजिंग रूममध्ये बुटांसकट झोपले.

इन्सिडंट फॉर्मवर 'कारण' या रकान्यात माझं नाव येणार, हे मी धरूनच चालले होते. तुम्ही लिहिलंत: सलग पाच नाइट, वॉर्डात एकच नर्स, दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्युल एका ट्रेमध्ये. त्याच सकाळी पोटॅशियम वेगळ्या कुलुपात गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, आजारांत न धरता, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. हे मी बऱ्याच उशिरा वाचलं. तुमच्या त्या तीन ओळींत तेच होतं. (आम्हाला ताणावर उपाय म्हणून ध्यानाचं सत्र मिळालं होतं. ऑफच्या दिवशी.)

रजेवरून आल्यावर मेट्रनसमोर मी "माझीच चूक" म्हणायला लागले, तेव्हा टेबलाखालून तुम्ही माझा पाय दाबलात. त्या दाबण्याचे आभार मानायचे राहिले होते, सिस्टर.

तुम्ही मागितलेली दुसरी नर्स अजून मिळालेली नाही. सलग नाइट मात्र आता तीनच लागतात. सहा नंबरचा पंप वाजतो तेव्हा मला ऐकू येतो.

तुमची,
त्या रात्रीची स्टाफ