दादांचा हवालदार आधी वगात घडला

दादा कोंडके यांच्यावरील लेखात सारा भर गिनीज बुकातल्या नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांवर आहे. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आणि वगनाट्य (तमाशातले कथानाट्य, म्हणजेच वग) मात्र दोन ओळींत उरकले. खरी तालीम तिथलीच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगात दादा हवालदार होत. वगात संहिता म्हणजे सांगाडा. ताज्या बातमीवरून फिरकी घ्यायची आणि हशा ओसरू लागताच पुढचे वाक्य टाकायचे. हशा भरात असताना बोलले तर वाक्य बुडते, उशीर झाला तर प्रसंग थंड पडतो.

कॅमेऱ्यासमोर हा हशाच नसतो. 1971 च्या ‘सोंगाड्या’त दादांनी लेखणी सबनीसांचीच ठेवली, पण हशाची जागा देहबोलीने भरली: ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, भाबडा चेहरा. हवालदाराचा गणवेश 1975 मध्ये ‘पांडू हवालदार’ला पुन्हा अंगावर चढला. द्व्यर्थी वाक्य निरागसपणे म्हटले की पाप ऐकणाऱ्याच्या माथी! (सेन्सॉरवाले बिचारे करणार काय?) नक्कल करणारे नेमके इथेच फसतात. ते वाक्य टाकून वर डोळा मारतात.

– एक नाट्यरसिक, लालबाग